घराला पैसे, गल्लीला नाही : पुण्यातील एका वस्तीच्या जागच्या जागी पुनर्विकासाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या येरवडा परिसरातील एका लहान वस्तीचे आहे. वस्तीचे नाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. या भागातील अनेक वस्त्यांप्रमाणे येथेही दगडकामावर आलेली वडार कुटुंबे होती, 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाडा आणि सोलापूरकडून आलेली कुटुंबे होती आणि नंतरच्या काळात नात्यागोत्याच्या आधाराने येऊन स्थिरावलेलेही होते. जमीन सरकारी मालकीची होती. महाराष्ट्र झोपडपट्टी सुधारणा कायदा, 1971 खाली वस्ती घोषित झालेली असल्यामुळे पाणी, वीज आणि सार्वजनिक शौचालय या सोयी मिळालेल्या होत्या. घोषणेमुळे वस्ती एका रात्रीत हटवली जाण्याची भीती कमी होते, परंतु जमिनीवर हक्क मात्र मिळत नाही, ही गोष्ट पुढच्या साऱ्या घडामोडींच्या मुळाशी आहे.

केंद्र सरकारने 3 डिसेंबर 2005 रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले आणि त्यातील ‘शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा’ या घटकाखाली पुण्यासारख्या शहराला प्रकल्पखर्चाचा निम्मा वाटा केंद्राकडून मिळू लागला. उरलेला निम्मा भाग राज्य, महापालिका आणि लाभार्थी यांनी मिळून उचलायचा होता. लाभार्थ्याचा वाटा किमान 12 टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर दुर्बल घटकांसाठी 10 टक्के असा होता. पुण्याने या घटकाचा एक भाग जागच्या जागी घरे बांधण्यासाठी वापरायचे ठरवले, म्हणजे वस्ती न हलवता, बिल्डर न आणता, जुने घर पाडून त्याच ठिकाणी पक्के घर बांधायचे. घराचे क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट, आणि खर्चाची मर्यादा घरामागे सुमारे 3 लाख रुपये. कुटुंबांशी बोलणी, आराखडा आणि बांधकाम हे काम स्वयंसेवी संस्थांकडे सोपवले गेले. या वस्तीत संस्थेबरोबर काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया तेथील बचत गटातल्याच होत्या.

अडचण

वरवर पाहता अडचण घरांची होती. पत्र्याची छपरे उन्हाळ्यात तापत, पावसाळ्यात गळत, आणि घरात शौचालय नसल्यामुळे पहाटेची रांग सुटत नसे. परंतु बचत गटाच्या पहिल्या बैठकांमध्ये स्त्रियांनी घराइतकीच, किंबहुना अधिक, तक्रार गल्लीची मांडली होती. मुख्य बोळ सुमारे चार फूट रुंद होता, काही ठिकाणी त्याहूनही अरुंद. आजारी माणसाला रिक्षापर्यंत खुर्चीत बसवून न्यावे लागे, आणि बोळाच्या मधून जाणारी गटाराची वाहिनी तुंबली की चेंबर उघडून घाण काढून ती तेथेच कडेला वाळत ठेवण्यापलीकडे इलाज नसे.

योजना मात्र मोजत होती घरे. निधी घराच्या हिशेबाने येणार होता, पात्रता घराच्या हिशेबाने ठरणार होती आणि कामाची प्रगतीही घरांच्या संख्येवरच पाहिली जाणार होती. त्यात महत्त्वाची अट अशी की फक्त कच्चे घर असलेले कुटुंबच पात्र. अट कागदावर न्याय्य दिसते, कारण मर्यादित पैसा आधी गरजूंकडे जावा हे कोणीही मान्य करील. वस्तीत मात्र तिचा अर्थ असा झाला की ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन, भिशीचे पैसे उचलून, तीन-चार वर्षांपूर्वी स्लॅब टाकला होता ते बाद झाले, आणि ज्यांनी पत्र्यावर दगड ठेवून दिवस काढले ते पात्र ठरले. अधल्यामधल्या घरांचे काय, हा प्रश्न तर सर्वांत किचकट होता. भिंत विटांची पण छप्पर पत्र्याचे असेल तर घर कच्चे की पक्के? खाली पक्की खोली आणि वर पत्र्याचा माळा असेल तर? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वेळी जागेवर जाऊन, भिंतीला हात लावून द्यावी लागली.

त्यामुळे पात्र घरांचा नकाशा सलग कधी झालाच नाही. एका बोळात चार घरे पात्र, मग दोन पक्की, पुन्हा एक पात्र, मग तीन पक्की, असा तो कंगव्याचे दात मोडावेत तसा तुटक होता. ज्या गल्लीसाठी स्त्रियांनी पहिल्यांदा तोंड उघडले होते ती सरळ आणि रुंद करायची तर दोन्ही बाजूंची सलग घरे मागे सरकायला हवी होती, आणि योजनेच्या हातात त्यांतली जेमतेम अर्धी होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचा होता. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी असे प्राधिकरण 2005 मध्ये स्थापन झाले होते आणि त्या पद्धतीत 70 टक्के पात्र झोपडीधारकांची संमती मिळवून विकासकाने मोफत सदनिका बांधायच्या व उरलेल्या चटईक्षेत्राच्या, म्हणजे जास्तीच्या मंजूर बांधकामाच्या, विक्रीतून खर्च भरून काढायचा, असे त्या वेळी गणित होते. या वस्तीत एक विकासक येऊन मोजमाप करून गेला होता. जागा लहान आणि वेडीवाकडी होती, पोहोचरस्ता अरुंद होता, विमानतळ जवळ असल्याने या पट्ट्यात इमारतीच्या उंचीवर मर्यादा येते, आणि गणित जुळले नसावे, कारण तो पुन्हा फिरकला नाही. लोकांनाही लिफ्टच्या देखभालीचा खर्च आणि गोधडी वाळत घालायलासुद्धा जागा नसलेले घर यांचे आकर्षण नव्हते.

दुसरा पर्याय स्थलांतराचा होता. त्याच अभियानातून हडपसर आणि वारजे येथे बहुमजली इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्या मुख्यतः नदीकाठ किंवा रस्त्याच्या आरक्षणात सापडलेल्या वस्त्यांसाठी होत्या. वस्तीतील बहुसंख्य स्त्रिया कल्याणीनगर आणि कोरेगाव पार्कमध्ये धुणी-भांडी व स्वयंपाकाची कामे चालत जाऊन करत. वारजे म्हणजे शहराचे दुसरे टोक. चार घरची कामे सोडून पाचवे घर घेणे त्यांना परवडणारे नव्हते, त्यामुळे हा पर्याय चर्चेत आला आणि त्याच बैठकीत संपला.

उरला तो जागच्या जागी बांधण्याचा. त्यातही दोन वाटा होत्या. एक, प्रत्येक घर त्याच्या जुन्या पायावर स्वतंत्रपणे बांधायचे, म्हणजे काम लवकर सुरू होते, भांडणे कमी होतात आणि निधीचा हप्ताही वेळेवर मागता येतो. दुसरी, तीन-चार शेजाऱ्यांचा गट करून सामाईक पाया आणि सामाईक भिंती घ्यायच्या आणि त्यातून बोळासाठी जागा काढायची. वास्तुरचनाकारांचा कल दुसरीकडे होता, अभियंत्यांचा पहिलीकडे. प्रत्यक्षात दोन्हींची सरमिसळ झाली, आणि माझ्या मते ती कोणी विचारपूर्वक ठरवण्यापेक्षा मुदतीच्या रेट्याने ठरत गेली.

निर्णय आणि कृती

यादीपासून सुरुवात झाली. बचत गटातील स्त्रियांनी टेप घेऊन घरे पुन्हा मोजली, कारण आधीच्या सर्वेक्षणात काही घरांची मापे अंदाजाने लिहिलेली होती. तयार झालेली यादी समाजमंदिराच्या भिंतीवर लावण्यात आली. हा साधा निर्णय महत्त्वाचा ठरला. यादी उघड्यावर आल्यामुळे ‘अमक्याचे नाव कसे आले’ हा प्रश्न कुजबुजीतून बैठकीत आला, आणि तेथे त्याचे उत्तर देता आले. परंतु यादीत भाडेकरूंना जागा नव्हती. घर ज्याच्या नावे त्याचीच गणना होणार होती, आणि पोटमाळ्यावर किंवा मागच्या खोलीत भाड्याने राहणारी कुटुंबे घरमालकाबरोबर मोजली गेली नाहीत. हे त्या वेळी कोणी फारसे बोलून दाखवले नाही, कारण बैठकीला येणारे बहुतेक सारे मालक होते.

एका घरात दोन-तीन भाऊ नांदत असतील तरी एकच घर मिळणार, ही दुसरी खोच होती. एका ठिकाणी दोन भावांची चूल वेगळी होती, वीजमीटर मात्र एकच. धाकट्याला मोठ्याने तळमजला आणि स्वतःला वरचा मजला असा तोडगा त्यांनी आपसात काढला आणि वेगळ्या कागदावर सह्या केल्या. संस्थेने त्या कागदात पडायचे नाही असे ठरवले. हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने सावध होता, पण तो कागद पुढे भांडणाच्या वेळी कोणत्याच दारात चालला नाही.

खरी कसोटी बोळाची होती. प्रस्ताव असा मांडला गेला की बोळाला लागून असलेल्या प्रत्येक पात्र घराने एक फूट मागे सरकावे, म्हणजे दोन्ही बाजू मिळून बोळ सहा फुटांचा होईल. ज्यांची जागा 270 चौरस फुटांपेक्षा मोठी होती त्यांना फारसे जड गेले नाही, कारण योजनेचा पैसा तेवढ्याच क्षेत्रापुरता होता. पण वस्तीत दहा बाय बाराची, म्हणजे 120 चौरस फुटांची घरेही होती. त्यांना ठरलेले क्षेत्र मिळवण्यासाठी तळमजला अधिक दोन मजले चढवावे लागणार होतेच, आणि त्यातून समोरचा एक फूट दिला तर प्रत्येक मजल्यावर दहा चौरस फूट जाणार होते. दहा चौरस फूट म्हणजे अंथरूण टाकण्याची जागा.

पक्क्या घरांचे मालक तर या व्यवहारात कोणत्याच बाजूने बसत नव्हते. बोळाच्या मध्यावर ज्यांचे स्लॅबचे घर होते त्या काकांनी बैठकीत विचारले, “ताई, योजनेतून मला विटेचा तुकडा मिळायचा नाही, मग भिंत माझी पाडायची आणि रस्ता सगळ्यांचा, हा कुठला न्याय?” त्यांना देण्यासारखे संस्थेकडे काहीच नव्हते, ना पैसे, ना दुरुस्तीची हमी. त्यांच्याविषयी वस्तीत नंतर बरेच वाईट बोलले गेले, परंतु प्रश्न चुकीचा होता असे मला वाटत नाही.

तोडगा निघाला तो छज्जाचा. तळमजल्यावर एक फूट मागे सरकायचे आणि वरचे मजले तेवढेच पुढे काढायचे, म्हणजे जमिनीवर बोळ रुंद होतो आणि कुटुंबाचे क्षेत्रही टिकते. बैठकीत हा तोडगा ऐकताच संमतिपत्रांवर भराभर सह्या झाल्या. त्याचा बोळातील उजेडावर काय परिणाम होईल हे कागदावरच्या आराखड्यातून दिसत नव्हते, आणि दिसले असते तरी त्या संध्याकाळी कोणी थांबले असते का, याविषयी मला शंका आहे.

घराचा नमुना ठरवताना मात्र घाई केली गेली नाही. बांबू आणि जुन्या साड्या वापरून खऱ्या मापाचा नमुना मोकळ्या जागेत उभा करण्यात आला आणि स्त्रियांनी त्यात फिरून पाहिले. जिना बाहेर काढला तर बोळाची जागा जाते, आत घेतला तर खोलीची. बहुतेकींनी आतला, उभा जिना निवडला. मोरी दाराशी हवी की मागे, ओट्याखाली सिलिंडर बसतो का, भांड्यांची मांडणी कोणत्या भिंतीला लागेल, असे प्रश्न नकाशावर कधी विचारले गेले नव्हते, ते साड्यांच्या भिंतींमध्ये विचारले गेले. सासूबाईंना हा जिना चढता येणार नाही, हे एका सुनेच्या तेथेच लक्षात आले आणि त्या घराचा तळमजला सासूसाठी ठेवून चूल वर नेली गेली.

पाडापाडीचा क्रम हा पुढचा प्रश्न. आपले घर पाडले आणि काम अडकले तर, ही भीती रास्त होती. गटाच्या प्रमुख मावशींनी पहिले घर स्वतःचे पाडले आणि त्यानंतरच शेजारच्या तीन घरांनी होकार दिला. ठरलेल्या रकमेत संक्रमण काळाच्या भाड्याची तरतूद नव्हती. काही कुटुंबे नातेवाइकांकडे गेली, काहींनी जवळच खोली घेतली आणि एकाच वेळी खोलीचे भाडे व सुमारे 30 हजार रुपयांचा स्वतःचा वाटा भरण्याची वेळ त्यांच्यावर आली. वाटा हप्त्यांनी घेण्याचे ठरले, तरीही दोन-तीन घरांनी तो व्याजाने पैसे काढून भरला.

बांधकाम संथ चालले. टेम्पो बोळात शिरत नसल्यामुळे विटा, वाळू आणि सिमेंट डोक्यावरून आणि घमेल्यांनी न्यावे लागले, आणि राडारोडाही त्याच वाटेने बाहेर काढावा लागला. मोठ्या रस्त्यालगत बांधण्याच्या दराने काढलेल्या अंदाजपत्रकात या मजुरीला जागा नव्हती. रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार मिळत असल्याने पाया आणि पहिल्या स्लॅबपर्यंतचा पैसा आधी संस्थेने उभा करायचा आणि नंतर मागायचा अशी पद्धत होती, त्यामुळे एकाच वेळी किती घरे उघडायची हे गरजेपेक्षा हातातल्या रोकडीवर ठरत होते. एक पावसाळा अर्धवट भिंतींवर प्लास्टिक टाकून काढावा लागला.

परिणाम

पात्र कुटुंबांपैकी बहुतेकांची घरे उभी राहिली. घरात शौचालय आले आणि वयात आलेल्या मुलींच्या आयांनी हाच सर्वांत मोठा फरक सांगितला. घराची कागदपत्रे पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे करण्याचा आग्रह अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच होता आणि तो बऱ्याच अंशी पाळला गेला. नातीगोती, कामाची ठिकाणे आणि मुलांच्या शाळा जागेवर राहिल्या, आणि जागच्या जागी बांधण्याचा मुख्य दावा जो होता तो या अर्थाने खरा ठरला.

बोळाची गोष्ट मात्र वेगळी झाली. पात्र घरांसमोर तो सहा फूट झाला, पक्क्या घरांसमोर चारच फूट राहिला, आणि जो बोळ मध्येच अरुंद होतो तो पूर्वीइतकाच निरुपयोगी असतो. दोन्ही बाजूंचे छज्जे समोरासमोर आल्यावर वर आकाशाची अरुंद पट्टी उरली, आणि काही घरांत तळमजल्यावर दुपारीही दिवा लावावा लागतो. वीज वाचवण्यासाठी तो लावला जात नाही, म्हणून वृद्ध माणसे दारात बसतात.

जोत्यांच्या बाबतीत जे झाले ते कोणाच्याच लक्षात आधी आले नव्हते. नवी घरे बांधताना पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते दीड-दोन फूट उचलले गेले. प्रत्येक घराच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय होता. परंतु पूर्वी थोडे थोडे सगळ्यांच्या घरात शिरणारे पाणी आता फक्त जुन्या, खालच्या पातळीवर राहिलेल्या घरांत शिरू लागले, आणि त्यांत स्लॅबवाल्या काकांचेही घर होते. घराघरांत शौचालये आल्याने गटारावरचा भारही वाढला होता, वाहिनी मात्र जुनीच राहिली, कारण तिचे काम घराच्या अंदाजपत्रकात बसत नव्हते आणि त्यासाठीचा निधी वेगळ्या शीर्षाखाली, वेगळ्या वेळी मंजूर होणार होता.

भाडेकरू कुटुंबांपैकी बहुतेक पाडकामाच्या वेळी निघून गेली. काही वर्षांनी अनेक नव्या घरांवर आणखी एक पत्र्याचा मजला चढला आणि तेथे पुन्हा भाडेकरू आले, पूर्वीपेक्षा जास्त भाड्याने. ज्या भावांनी आपसात कागद केला होता त्यांचे मोठ्या भावाच्या निधनानंतर वाजले, आणि जिना एकच असल्यामुळे ते भांडण रोज वर-खाली करताना होत राहिले.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट क्रमाची. गल्लीची पातळी, गटाराची वाहिनी आणि जोत्याची उंची आधी ठरवून, रंगाने भिंतीवर खूण करून, मग घरे बांधायला घेतली असती तर पाण्याचा प्रश्न टळला असता. यासाठी जास्त पैसा लागला नसता. पातळी मोजण्याचे एक दिवसाचे काम आणि त्या खुणेवर सर्वांची सही एवढेच लागले असते. गटाराची वाहिनी बदलण्यासाठी पैसा लागला असता हे खरे, परंतु घरांचा निधी मागतानाच त्या कामाचा प्रस्ताव सोबत जोडून ठेवता आला असता.

दुसरी गोष्ट पक्क्या घरांची. त्यांना नवे घर देणे नियमात बसत नव्हते, पण समोरची भिंत एक फूट मागे घेण्याचा खर्च, नवा दरवाजा आणि ड्रेनेजची जोडणी एवढे जरी कोठून तरी देता आले असते तरी बोळ सलग झाला असता. नगरसेवकांच्या वॉर्डस्तरीय निधीतून अशी कामे होऊ शकतात. ती मागणी लेखी केली गेली नाही, कारण संस्थेचे सारे लक्ष घरांच्या आकड्यावर होते आणि पक्की घरे त्या आकड्यात नव्हती.

छज्जाबाबत माझे मत पूर्ण बनलेले नाही. त्याशिवाय सह्या झाल्या नसत्या आणि बोळ चार फुटांचाच राहिला असता. साड्यांचा नमुना एका घराचा न करता समोरासमोरच्या दोन घरांचा आणि मधल्या बोळाचा केला असता, तर निदान अंधार किती होणार हे लोकांनी सही करण्याआधी पाहिले असते, आणि कदाचित वरचा मजला पूर्ण एक फूट पुढे न काढता सहा इंचांवर तडजोड झाली असती.

भाडेकरूंची स्वतंत्र यादी करणे, त्यांना घर मिळणार नसले तरी, हे नक्कीच करायला हवे होते. निदान पाडकामाची सूचना त्यांना मालकाकडून न मिळता बैठकीतून मिळाली असती. भावाभावांच्या कागदात न पडण्याचा निर्णयही मला आता चुकीचा वाटतो. एका वकिलाचा एक दिवस आणि रीतसर नोंदवलेला करार यांचा खर्च त्या कुटुंबाने पुढे काढलेल्या वर्षांपेक्षा कमी झाला असता.

आणि जमिनीचा प्रश्न. घर पक्के झाले, जमीन सरकारचीच राहिली. नागपुरात झोपडपट्टीवासीयांना मालकी हक्काचे पट्टे देण्याची प्रक्रिया नंतर सुरू झाली आणि ओडिशाने 2017 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. येथे तसा प्रस्ताव घरांच्या प्रस्तावाबरोबर कधी मांडलाच गेला नाही. त्याची किंमत 2015 नंतर कळली. त्या वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख रुपयांचे साहाय्य मिळत होते, पण जागेच्या हक्काचा कागद लागत होता. मागच्या वेळी सुटलेल्या कुटुंबांनी चौकशी केली तेव्हा त्यांच्याकडे फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र, होता, वीजबिल होते, कराची पावती होती, तो कागद मात्र नव्हता.

अलीकडे या पट्ट्यात पुन्हा विकासकांची माणसे टेप घेऊन फिरू लागली आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना झाली तर पात्रता यादीत मावशींचे तीन मजली काँक्रीटचे घर आणि समोरचे पत्र्याचे घर यांच्यापुढे एकच नोंद असेल : एक झोपडी, एक सदनिका. मावशींनी भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या अजून जपून ठेवल्या आहेत.